खुली माहिती : तपासता येणारा आकडा

भद्रावती तालुक्यातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी आम्ही पाऊस मोजण्याचा एक छोटा उपक्रम सुरू करून दिला होता. साहित्य अगदी साधे : पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली, एक पट्टी आणि एक वही. बाटलीचा वरचा निमुळता भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळ सपाट नसतो, म्हणून त्यात थोडे खडे टाकून जिथून भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचे आणि तिथे शून्याची खूण करायची. रोज शाळा भरताना, म्हणजे साडेदहाच्या सुमारास, मुले खुणेच्या वर चढलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजत, वहीत लिहीत आणि जादा पाणी ओतून टाकत.

जुलै महिन्यात एके दिवशी एक मुलगी वही आणि वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन उभी राहिली. कात्रणात महसूल मंडळांचे पावसाचे आकडे होते. आदल्या दिवसाचा मुलांचा आकडा छापलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होता. तिने विचारले, "सर, आमचं चुकलं की सरकारचं?" मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आमचं सोयाबीन पाण्याखाली आहे. पण बाबा सांगत होते, कागदावर अतिवृष्टी झालीच नाही."

उत्तर देण्यापूर्वी आम्हाला तीन गोष्टी हव्या होत्या. छापलेला आकडा कोणत्या यंत्राचा? ते यंत्र कुठे आहे? आणि त्याचा 'दिवस' किती वाजता सुरू होतो? आकडा पाच रुपयांच्या वर्तमानपत्रात मिळाला होता, पण त्याची कुंडली मिळवायला आम्हाला दोन आठवडे आणि अनेक हेलपाटे लागले. कोणी काही लपवत होते असे नाही. ती माहिती कोणी मागेल, असेच कोणाला वाटले नव्हते.

शासनाकडील माहिती सर्वांसाठी खुली असावी, असा विचार आता जगभर मान्य होत आहे. त्यातून काय साधते आणि वाटेत काय आडवे येते, हे या लेखात भद्रावती आणि आसपासच्या उदाहरणांवरून पाहू.

खुली म्हणजे नेमकी कशी?

इंग्रजीतील 'डेटा' या शब्दाला मराठीत 'विदा' असा प्रतिशब्द आहे. आम्ही येथे 'माहिती' हा रुळलेला शब्दच वापरतो. त्यात मोजमापे, नोंदी, नकाशे, याद्या हे सर्व आले.

गावात माहिती उघड करण्याची प्रथा नवी नाही. तलाठ्याने जमिनीच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखवायच्या आणि चूक असेल तर तिथल्या तिथे हरकत घ्यायची, याला आपण चावडीवाचन म्हणतो. ग्रामपंचायतीला पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीनंतर मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड हीसुद्धा एक प्रकारची उघड माहितीच आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लाल रंगाचा अर्थ समजतो.

यापुढचा टप्पा माहितीच्या अधिकाराचा. महाराष्ट्रात असा कायदा २००० साली झाला, २००२ मध्ये तो अधिक भक्कम स्वरूपात आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा देशभर लागू झाला. या कायद्याचे चौथे कलम फारसे चर्चिले जात नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. कार्यालयांनी आपणहून इतकी माहिती प्रसिद्ध करावी की लोकांना अर्ज करण्याची गरज कमीत कमी पडावी, असे ते कलम सांगते. २०१२ मध्ये केंद्र शासनाने माहितीच्या देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी खुल्या माहितीचे राष्ट्रीय संकेतस्थळही सुरू झाले. राज्यांच्या खात्यांची माहितीही तेथे ठेवता येते.

मात्र प्रसिद्ध झालेली प्रत्येक माहिती खुली असतेच असे नाही. ती खुली आहे की नाही हे ठरवायला चार प्रश्न पुरतात. ती कोणालाही, कारण न सांगता पाहता येते का? ती मोजता येईल अशा रूपात, म्हणजे तक्त्यात आहे, की कागदाच्या छायाचित्रात? ती वापरण्याची आणि पुढे देण्याची मुभा आहे का? आणि ती कोणी, कुठे, केव्हा, कशाने मोजली हे तिच्यासोबत लिहिले आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची चर्चा बरीच होते. आमच्या अनुभवात घोडे अडते ते चौथ्यावर.

पासष्ट मिलिमीटरचा हिशेब

पुन्हा बाटलीकडे वळू. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे वर्गात समजावण्यासारखे आहे. सपाट जमिनीवर पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही, तर किती उंच साचेल, ती उंची म्हणजे पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. नरसाळ्याचे तोंड आणि बाटली यांचा व्यास सारखा असेल, तर बाटली बारीक असो की जाड, उंची तीच येते. म्हणूनच मुलांची बाटली हे खेळणे नव्हते, ते यंत्रच होते.

मग फरक का पडला? पहिले कारण घड्याळाचे. हवामानखात्याच्या पद्धतीत पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज सकाळी साडेआठला घेतलेल्या नोंदीत कालच्या साडेआठपासूनचा पाऊस येतो. आमची मुले साडेदहाला मोजत. त्या दिवशी साडेआठ ते साडेदहा या दोन तासांत जोराची सर आली होती. ती मुलांच्या वहीत त्या दिवशीच्या नोंदीत शिरली, तर सरकारी नोंदीत दुसऱ्या दिवशी गेली. दोन्ही दिवसांची बेरीज करून पाहिली तेव्हा फरक बराच कमी झाला. उरलेला फरक अंतराचा होता, कारण मंडळाचे यंत्र शाळेपासून काही किलोमीटर दूर होते. म्हणजे मुलांचेही चुकले नव्हते आणि सरकारचेही. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या होत्या आणि दोन्हींना नाव मात्र 'कालचा पाऊस' असे एकच होते.

हा केवळ पंडिती वाद नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. पुढे पंचनामा, ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसानीची अट आणि मग मदत, असा क्रम असतो. आता समजा, पहाटे पाचपासून दुपारी बारापर्यंत एकाच दमात ८० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यातला ४० मिलिमीटर साडेआठच्या आधी आणि ४० नंतर. नोंदवहीत सलग दोन दिवस चाळीस-चाळीस मिलिमीटर लिहिले जातील आणि दोन्ही दिवस अतिवृष्टीच्या रेषेखाली राहतील. शेत मात्र एकाच पावसाने बुडालेले असेल.

दैनंदिन बेरजेवरून हे कधीच कळणार नाही. ते कळायला दर तासाचा, शक्य तर त्याहून बारीक आकडा लागतो. महाराष्ट्रात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. असे यंत्र दिवसभर थोड्या थोड्या वेळाने आपोआप नोंद घेते. त्यामुळे आता अडचण मोजण्याची उरलेली नाही. मोजलेले बारीक आकडे, केंद्राच्या नेमक्या जागेसह, शेतकऱ्याला आणि शाळेला सहज पाहता येतात का, हा खरा प्रश्न आहे. येथेच खुल्या माहितीचा पहिला लाभ दिसतो. निकष चुकीचा आहे की आकडा चुकीचा आहे, हे वेगळे करता येते. मागच्या बाकावरच्या मुलाच्या वडिलांना त्यामुळे लगेच मदत मिळेल असे नाही, पण त्यांची तक्रार 'आमच्याकडे खूप पाऊस झाला' एवढ्यावर थांबणार नाही.

अंतराबद्दल आणखी एक हिशेब मुलांकडून करून घ्यावा. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर. त्याला दोन हजारांच्या थोड्या वर असलेल्या मंडळांनी भागले, तर एका मंडळाच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात. पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे जेवढ्या जागेवरचा पाऊस आपण खरोखर मोजतो, त्याच्या सुमारे साडेसातशे कोटी पट जागेबद्दल बोलतो! पावसाळी ढग रस्त्याच्या एका बाजूला कोसळून दुसरी बाजू कोरडी ठेवतात, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. गावोगावच्या शाळांनी नीट मोजलेले आकडे अशा ठिकाणी सरकारी आकड्यांना पूरक ठरू शकतात. मात्र त्यासाठी दोन्ही बाजूंनी मोजण्याची वेळ आणि रीत सारखी ठेवायला हवी.

आकडा प्रसिद्ध झाल्यावर काय घडते?

भद्रावतीहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर चंद्रपूर आहे. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, पोलाद आणि कागद यांच्या कारखान्यांचा हा पट्टा. दोरीवर वाळत घातलेले कपडे काळवंडतात, हे इथे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. पण सांगणे आणि मोजणे यांत फरक असतो.

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा एकत्रित निर्देशांक प्रसिद्ध केला. हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींच्या प्रदूषणावरून काढलेल्या या निर्देशांकात १०० पैकी ७० च्या वर गुण असणारी ४३ क्षेत्रे 'अतिप्रदूषित' ठरली. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले. देशात हा क्रमांक चौथा होता. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या उद्योगांच्या व विस्ताराच्या पर्यावरण मंजुऱ्या स्थगित झाल्या आणि प्रत्येक क्षेत्रासाठी कृती आराखडा करावा लागला. स्थगिती पुढे उठली, पण जो विषय तोवर तक्रारवहीत होता, तो एका आकड्यामुळे देशाच्या धोरणात आला.

जून २०१७ मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणखी एक पाऊल टाकले. कारखान्यांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांच्या मोजमापांवरून प्रत्येक कारखान्याला एक ते पाच तारे द्यायचे आणि ते सर्वांना पाहता येतील असे जाहीर करायचे, अशी ही योजना. तपासणीचे अहवाल मंडळाकडे पूर्वीही होते. नवे एवढेच की ते कपाटातून बाहेर आले आणि शेजारच्या गावाला समजतील अशा रूपात आले. लाल-हिरव्या कार्डाचीच ही मोठी बहीण म्हणायला हरकत नाही.

परंतु निर्देशांक आणि तारे यांची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. ते अनेक मोजमापांचे सार असतात आणि सार काढताना काही तरी गळतेच. हाताने नमुने घेणाऱ्या हवा तपासणी केंद्रावर आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षात १०४ दिवस मोजमाप अपेक्षित असते. उरलेल्या २६१ दिवसांविषयी आपण अनुमान करतो. आपल्याकडे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूलिकणांची मर्यादा वर्षाच्या सरासरीसाठी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम आहे. समजा, एका गावात पावसाळ्याचे चार महिने सरासरी २० आणि उरलेले आठ महिने सरासरी ८० होती. वर्षाची सरासरी बरोबर ६० येईल, म्हणजे कागदोपत्री सारे ठीक. दम्याच्या रोग्याला मात्र हिवाळ्यातल्या एखाद्या रात्रीच्या आकड्याशी कर्तव्य असते. म्हणून सारासोबत मूळ मोजमापेही खुली असली पाहिजेत. ज्याला ताऱ्यांवर भागते त्याने तारे पाहावेत, ज्याला शंका आहे त्याला तळापर्यंत जाता यावे.

जी बाळे वहीत नव्हती

आता गडचिरोलीकडे जाऊ. माहिती खुली असण्याचा सर्वात खोल अर्थ आम्हाला तिथल्या उदाहरणात दिसतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन करून काम सुरू केले. त्यांच्या क्षेत्रातील गावांत १९८८ मध्ये बालमृत्यूचा दर मोजला गेला, तो दर हजार जन्मांमागे १२१ होता. पुढे महाराष्ट्रातील १३ संस्थांनी मिळून आपापल्या क्षेत्रांत बालमृत्यूंची मोजणी केली. 'कोवळी पानगळ' या नावाने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाने सरकारी नोंदीत दिसणारे मृत्यू आणि प्रत्यक्ष घडणारे मृत्यू यांतील मोठी तफावत समोर आणली. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

जे नोंदलेच गेले नाही, ते किती आहे हे कसे मोजायचे? यासाठी एक सुंदर युक्ती आहे. चंद्रशेखरन आणि डेमिंग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये ती मांडली आणि तिची कसोटी घेतली कोलकात्याजवळील सिंगूर येथील जन्ममृत्यूंच्या नोंदींवर. युक्ती अशी : एकाच गावात दोन माणसांनी, एकमेकांचे न पाहता, स्वतंत्रपणे याद्या करायच्या आणि मग त्या ताडून पाहायच्या.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. नोंदवहीत वर्षातले ६० जन्म आहेत. घरोघर फिरून केलेल्या पाहणीत ७० सापडले. दोन्ही याद्यांत समाईक नावे ५०. म्हणजे किमान ८० जन्म झाले हे नक्की. पण दोघांच्याही नजरेतून सुटलेले किती? पाहणीत सापडलेल्या ७० पैकी ५० नोंदवहीत आहेत. यावरून नोंदवहीची पकड सात जन्मांत पाच एवढी आहे. हीच पकड साऱ्या गावाला लागू केली, तर ६० ही संख्या एकूण जन्मांच्या पाच सप्तमांश ठरते. म्हणून एकूण जन्म ८४. चार बाळे कोणाच्याच यादीत नव्हती, तरी ती आपण मोजली!

भारताची 'नमुना नोंदणी पद्धती' १९६९-७० पासून अशाच दुहेरी नोंदीवर चालते. गावातील एक व्यक्ती, बहुधा अंगणवाडीसेविका किंवा शिक्षक, वर्षभर नोंदी ठेवते आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन स्वतंत्र पाहणी करतो. गडचिरोलीत 'सर्च'नेही गावातील आरोग्यदूतांच्या नोंदी आणि स्वतंत्र घरभेटी अशी दुहेरी रीत ठेवली होती.

या युक्तीत एक अट दडलेली आहे. दोन्ही याद्या खरोखर स्वतंत्र हव्यात. जे बाळ जन्मल्यावर काही तासांतच, बारशाआधीच गेले, त्याच्याबद्दल घरातले कोणाशीच बोलत नाहीत. ते दोन्ही याद्यांतून सुटण्याची शक्यता जास्त असते. अशा वेळी ८४ हा आकडाही कमीच ठरतो. म्हणून घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवसापासून जाणारी, ओळखीची, गावातलीच बाई ही उपचाराइतकीच मोजणीसाठीही आवश्यक असते. गडचिरोलीत विकसित झालेली घरोघरी नवजात बालसेवेची पद्धत २०११ पासून देशभरातील 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. त्या प्रवासाची सुरुवात नीट मोजण्यापासून झाली होती.

एका यादीवरून तिची स्वतःची चूक कळत नाही. ती दुसऱ्या यादीशेजारी ठेवावी लागते. सरकारी यादी कपाटात राहिली, तर ती तपासायला दुसरी यादी कधीच जवळ येणार नाही. आमच्या मते खुल्या माहितीचे मोल एवढ्या एका गोष्टीत सामावलेले आहे.

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण रूपाची. पुष्कळ तक्ते छापून, सही-शिक्का मारून, त्यांचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर चढवलेले असतात. माणसाला ते दिसतात, पण संगणकाला त्यांची बेरीज करता येत नाही. मराठीत भर म्हणून जुन्या टंकांचा घोळ आहे. युनिकोड येण्यापूर्वी प्रत्येक टंकाची कळफलकाशी जुळणी वेगळी होती. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की 'भद्रावती' ऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात.

दुसरी अडचण नावांची. भद्रावतीचे जुने नाव भांदक आणि रेल्वे स्थानक आजही भांदकच. येथील आयुध निर्माणीच्या नावात मात्र 'चांदा', जे चंद्रपूरचे जुने नाव. रोमन लिपीत लिहिताना भद्रावतीच्या 'व'साठी कोणी 'व्ही' लिहितो, कोणी 'डब्ल्यू'. आपल्याला ते एकच गाव आहे हे कळते, संगणक त्यांना वेगळी गावे समजतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक गावाला एक कायम क्रमांक असतो, पण सर्व खात्यांनी तोच वापरला तरच त्याचा उपयोग.

सीमा बदलतात हीसुद्धा अडचणच. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. १९८१ च्या जनगणनेतील चंद्रपूरची लोकसंख्या आणि १९९१ ची लोकसंख्या शेजारी ठेवून कोणी आलेख काढला, तर दहा वर्षांत लोक कुठे गेले असा प्रश्न पडेल. लोक कुठेच गेले नव्हते, रेघ सरकली होती.

तिसरी अडचण दिसायला क्षुल्लक आहे : शून्य आणि कोरी जागा. 'पाऊस पडला नाही' आणि 'मोजलाच नाही' या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात रिकामा चौकोन चालत नाही म्हणून कोणी तिथे शून्य भरले, की बंद यंत्राचा काळ दुष्काळ बनतो. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. हजेरीपटावर खाडा आणि सुट्टी यांची खूण एकच केली तर काय होईल?

चौथी अडचण भीतीची आहे आणि ती सर्वात अवघड. ज्या आरोग्यसेविकेने प्रामाणिकपणे जास्त मृत्यू नोंदवले, तिलाच जाब विचारला गेला, तर पुढच्या वर्षी नोंदी कमी होतील. मृत्यू कमी होतीलच असे नाही. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आणि सजवून लिहिणाऱ्याला शाबासकी, अशी रीत असेल तिथे माहिती खुली केल्याने खोटेच अधिक पसरेल. तुम्ही शिक्षक 'यू-डायस'चे आणि 'सरल'चे तक्ते भरता. त्यांतला आकडा पुढे कोणत्या निर्णयात वापरला गेला हे तुम्हाला कळते का? भरणाऱ्याला उपयोग दिसला, तर भरण्यातली काळजी आपोआप वाढते. माहिती खुली करण्याचा हा लाभ खुद्द कार्यालयांनाही आहे.

पाचवी अडचण खासगीपणाची. याद्या ताडून पाहायला नावे लागतात, पण नावे उघड केली तर ज्या घरात बाळ गेले त्या घरावर बोट रोखले जाईल. म्हणून नावांची जुळणी जबाबदार माणसांनी बंद दाराआड करावी आणि बाहेर संख्याच द्याव्यात. मात्र संख्याही कधी बोलून जाते. तीस उंबऱ्यांच्या पाड्यात 'क्षयरोगी : एक' असे छापले, तर तो कोण हे सांगावे लागत नाही. वाघांचेही असेच आहे. मोहर्ली हे ताडोब्याचे प्रवेशद्वार भद्रावती तालुक्यातच आहे. वाघाचे हल्ले कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या कामाच्या वेळी झाले ही माहिती मोहफुले आणि सरपण गोळा करायला जाणाऱ्यांसाठी खुली हवी. वाघ आज नेमका कुठे बसला आहे ही माहिती मात्र शिकाऱ्याच्या उपयोगाची.

व्यक्तीचे झाकावे आणि कारभाराचे दाखवावे, हे तत्त्व म्हणून सोपे आहे. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीचे कलम बदलले. सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देण्याची जी तरतूद त्या कलमातच होती ती गेली. व्यापक सार्वजनिक हिताचे सर्वसाधारण कलम राहिले. या बदलाने लाभार्थींच्या याद्यांसारखी माहितीही झाकली जाईल, अशी चिंता अनेकांनी व्यक्त केली आहे. रेघ कुठे ओढायची याचा वाद पुढेही चालेल, आणि वरच्या वर्गात तो चर्चेला घेण्यासारखा आहे.

वर्गात काय करता येईल?

मोठी साधने लागत नाहीत. पर्जन्यमापक करा, पण रोज सकाळी साडेआठलाच मोजा. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांवर ही जबाबदारी पाळीने देता येते. पाऊस नसेल तर शून्य लिहा, मोजायचे राहिले तर 'मोजले नाही' असे लिहा. वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहून घ्या : कोणी मोजले, कुठे मोजले, किती वाजता मोजले, कशाने मोजले आणि कोणत्या एककात. महिन्याअखेर आपला तक्ता मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवा आणि फरकाची कारणे शोधा. 'कोण चुकले' हा प्रश्न सर्वात शेवटी विचारा.

दुहेरी यादीचा प्रयोग मैदानावरही होतो. शाळेच्या आवारातली झाडे दोन गटांना स्वतंत्रपणे मोजू द्या. मोजलेल्या झाडाला प्रत्येक गटाने वेगळ्या रंगाच्या खडूने, शक्यतो दुसऱ्याला न दिसेल अशी, बारीक खूण करावी. मग समाईक झाडे मोजून दोघांकडून सुटलेली किती, याचा अंदाज काढा आणि शेवटी सर्वांनी मिळून पुन्हा मोजून तो पडताळा. झुडपामागचे रोपटे दोन्ही गटांकडून का सुटले, यावर जी चर्चा होईल, ती पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

त्या शाळेतल्या मुलांनी नंतर आपल्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले : 'वेळ – सकाळी साडेदहा. सरकारी वेळेपेक्षा दोन तास उशिरा.' पुढच्या पावसाळ्यापासून त्यांनी वेळ बदलली. पण जुनी पाने फाडली नाहीत आणि आकडे खोडले नाहीत. ती वही आजही कोणीही उघडून तपासू शकतो.

शासनाच्या नोंदवह्यांकडून याहून वेगळी अपेक्षा नाही.